वहीत कल्पना साचतात, हातून काम होत नाही : हा घोळ दरवर्षी परत येतो तो का, आणि तो कसा सोडवायचा

तक्रार साधारण अशी असते. कल्पना सुचतात, भरपूर सुचतात. सुचल्या की आपण त्या लिहूनही ठेवतो. पण एखादा रिकामा रविवार मिळाला की नेमकं काय हाती घ्यायचं ते कळत नाही. वही उघडावी तर वीस पानं भरलेली, फोन उघडावा तर त्यात आणखी शंभर ओळी. वाचता वाचता दुपार होते, सगळंच करावंसं वाटतं आणि शेवटी काहीच होत नाही. मग पाडव्याला, नाहीतर जूनमध्ये शाळा सुरू होताना, नवी वही येते. रंगीत पेनं येतात, कुणीतरी सुचवलेलं नवं ॲप येतं. दोन-तीन महिने बरे जातात. चौथ्या महिन्यात ढीग पुन्हा होता तिथे.

मी वाईला राहते, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. घर, शाळा, थोडंफार लिखाण, गच्चीवरच्या कुंड्या अशा चार दिशांनी कल्पना येत असतात. सहा वर्षांत मी चार वेळा नवी पद्धत लावली आणि चारही वेळा ती मोडली. पाचव्या वेळी मात्र ठरवलं, की आधी मोडतं कुठे ते बघायचं. नळ गळायला लागला तर आपण पहिल्यांदा वायसर तपासतो, सगळी पाइपलाइन उखडत नाही. त्या तपासणीत जे सापडलं आणि त्यावर जे उपाय लागू पडले, ते इथे लिहिते आहे. ज्यांचा ढीग असाच परत परत साचतो, त्यांनी याच क्रमाने बघावं.

आधी सगळं एका सतरंजीवर

२०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माडीवरच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि जिथे जिथे काही लिहून ठेवलं होतं ते सगळं तिथे आणलं. दोन वह्या, फोनमधलं नोंदींचं ॲप, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, आणि सुटे कागद : घरपट्टीच्या पावत्या, औषधांची पाकिटं, परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्या. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांचे पाठकोरे तुकडे केले आणि एका तुकड्यावर एक अशी प्रत्येक नोंद उतरवून काढली. दोन दिवस लागले. एकूण चिठ्ठ्या झाल्या २१४.

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. फोनमध्येच इकडून तिकडे डकवून भागत नाही. हाताने उतरवताना प्रत्येक नोंदीपाशी थांबावं लागतं आणि आजार कोणता ते तिथेच दिसायला लागतं. मला तो पहिल्याच संध्याकाळी दिसला.

एक चिठ्ठी लिहिली : ‘आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या.’ ही २०१८ च्या वहीतली. तासाभराने फोनमधून उतरवली : ‘जात्यावरची गाणी – आत्या.’ मग मेसेजमध्ये हेच रोमन लिपीत लिहिलेलं. आणि रात्री घरपट्टीच्या पावतीच्या पाठीवर, पेन्सिलीने : ‘आत्याकडे जाणे, ओवी, फोन चार्ज.’ एकच कल्पना चार ठिकाणी, चार वर्षं. आत्या जानेवारीत गेली होती.

तिचं घर धोम धरणाच्या वरच्या अंगाला, वाईपासून तासाभराच्या अंतरावर. रस्ता चांगला, एसटी जाते. तिला किती ओव्या येत होत्या ते कुणी मोजलं नाही. पहाटे जात्यावर बसली की दळण संपेपर्यंत ओवी संपायची नाही एवढं मला लहानपणचं आठवतं. आता माझ्या आईला त्यातल्या अकरा आठवतात. त्या मी त्याच आठवड्यात लिहून घेतल्या. या चार चिठ्ठ्या मी एकमेकींना टाचून ठेवल्या आहेत. यापुढचं सगळं त्यांच्यामुळे सुचलं आहे.

एकच कल्पना दोनदा-तीनदा सापडत असेल तर

ढिगातून पहिल्या फेरीत ६१ चिठ्ठ्या दुबार निघाल्या. दुबार नोंद निघाली की आपण म्हणतो, माझ्या लक्षातच राहत नाही. पण स्मरणशक्तीचा यात फारसा संबंध नसतो. पहिली नोंद शोधूनही सापडत नाही, म्हणून आपण दुसरी लिहितो. तेव्हा बघायचं ते शोध कुठे अडतो हे.

मराठीत लिहिणाऱ्याचा शोध अडायला खास मराठी कारणं आहेत. मी फोनमध्ये ‘ओवी’ शोधलं तर ‘ओव्या’ लिहिलेली नोंद येत नाही, कारण अनेकवचन करताना ‘वी’चा ‘व्या’ होतो आणि फोन तर अक्षराला अक्षर लावून बघतो. ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीचं पाणी’ सुटतं, कारण सामान्यरूपात दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते. ‘दूध’ आणि ‘दुधाचा’, ‘पूल’ आणि ‘पुलावर’, ‘कापूस’ आणि ‘कापसाची’, सगळीकडे तेच. व्याकरणात हे मुलांना मी दरवर्षी शिकवते. माझ्या फोनमध्ये त्यानेच गाठ पडली आहे हे मात्र इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.

त्याहून अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण आत साठवलेली अक्षरं वेगळी. ‘ॲ’चंही तसंच. २००८ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या यादीच्या, ५.१ या आवृत्तीत या अक्षराला स्वतःची जागा मिळाली. त्याआधीच्या, आणि पुष्कळदा त्यानंतरच्याही कळफलकांवर ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलं जातं. फोन बदलला, कळफलक बदलला, की जुन्या नोंदी शोधात येईनाशा होतात आणि आपल्याला वाटतं त्या कुठेतरी गेल्या.

उपाय साधा आहे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक साधा, न वाकवलेला शब्द टाकायचा : एकवचनी, विभक्ती नसलेला, जोडाक्षर शक्यतो नसलेला. मी असे सातच शब्द ठरवले आहेत : घर, शाळा, लेख, बाग, गाव, माणूस, पैसा. ‘माणूस : आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या.’ पुढे वाक्य कसंही असो, शोध त्या पहिल्या शब्दावर घ्यायचा. लिपी एकच, देवनागरी. बोलून पाठवलेला आवाजी मेसेज असेल तर त्याच दिवशी त्याची एक ओळ लिहून ठेवायची. आवाजात शब्द शोधता येत नाही.

शब्द सातापेक्षा वाढवू नका. मी एकदा तेवीस केले होते. मग नोंद कोणत्या शब्दाखाली जाईल याचाच विचार करत बसावं लागायचं आणि तेवढ्यात पोळी करपायची.

जागा किती? सुचेल तिथे लिहा, त्याला बंधन नको. गाडीत, वर्गात, स्वयंपाकघरात, जे हाताशी असेल त्यावर. पण मुक्कामाची जागा एक. माझी जागा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि त्यात लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या. कुणाची वही असेल, कुणाचं ॲप असेल. त्याने फरक पडत नाही. मुक्कामाच्या दोन जागा झाल्या की दुबार नोंदी पुन्हा सुरू.

स्वतःचीच नोंद कळत नसेल तर

२२ चिठ्ठ्या मला स्वतःलाच लागल्या नाहीत. एकीवर होतं : ‘निळा दरवाजा – मुलं – उलट?’ ही कथा होती, वर्गातला उपक्रम होता की घराचं रंगकाम, काही सांगता येईना. लिहिताना तिच्यामागे नक्की काहीतरी होतं. ते गेलं.

याला कारण असं, की कल्पना सुचते तेव्हा तिच्या भोवतीचा सगळा प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे असतो, म्हणून दोन शब्द पुरेसे वाटतात. प्रसंग सरला की ते दोन शब्द पोरके होतात. आता मी नोंदीत क्रियापद टाकल्याशिवाय पेन खाली ठेवत नाही, आणि ‘कुणासाठी’ हे एका शब्दात लिहिते. ‘सातवीच्या मुलांकडून गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे लिहून घ्यायची’ ही ओळ दहा वर्षांनी वाचली तरी कळेल. जास्तीचे वीस सेकंद लागतात.

न कळलेल्या चिठ्ठ्या फेकून द्या. आठवेल कधीतरी म्हणून ठेवल्या तर दर वेळी त्यांच्यापाशी अडखळायला होतं. त्यातलं जे खरं असतं ते पुन्हा सुचतं, असा माझा अनुभव आहे.

उरलेल्या १३१ पैकी ४० तर कल्पनाच नव्हत्या. कुकरची रिंग, गॅसची नळी, पासबुक भरून आणणे. ही कामं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत जातात, दुधाच्या हिशेबाशेजारी. कल्पनांच्या डब्यात ती मिसळली की डबा उघडायचीच भीती बसते, कारण उघडला की आधी ओरडा ऐकू येतो तो गॅसच्या नळीचा.

सगळंच महत्त्वाचं वाटत असेल तर

इथे खरी गोम आहे. ९१ चिठ्ठ्या शुद्ध, स्वच्छ, एकेक वेगळी, आणि तरीही आपण रविवारी सकाळी त्यांच्यापुढे हात बांधून बसतो.

बहुतेक जण या टप्प्यावर चार चौकटींचा तक्ता आखतात : तातडीचं आणि महत्त्वाचं, तातडीचं नाही पण महत्त्वाचं, वगैरे. हा तक्ता आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना १९५४ च्या एका भाषणात त्यांनी तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला होता, तोही एका माजी महाविद्यालयप्रमुखाच्या शब्दांचा दाखला देऊन. चौकटी पुढे इतरांनी आखल्या. कचेरीतल्या कामांना तो तक्ता उपयोगी पडतो. मनातल्या कल्पनांना मात्र तो लावून बघा. जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या एकाच चौकटीत जाऊन बसतात : महत्त्वाचं, पण तातडीचं नाही. कुणी मागितलेल्याच नसतात, तर त्यांना तातडी कुठून येणार? माझ्या ९१ पैकी ८४ त्या एका चौकटीत गेल्या. ढीग होता तो फक्त चौकोनी झाला.

गुण देण्याची पद्धतही मी करून पाहिली. प्रत्येक कल्पनेला दहापैकी गुण. सगळ्यांना सात आणि आठ. शिक्षिकेच्या हाताला सवयच ती.

मग आत्याच्या त्या चार चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन मी विचार केला, की हिच्याबाबत मला कोणता प्रश्न वेळेवर विचारायला हवा होता? ‘हे किती महत्त्वाचं आहे?’ हा नव्हे; महत्त्वाचं आहे हे मला चारही वेळा माहीत होतं. प्रश्न असा हवा होता : हे किती दिवस करता येण्याजोगं राहील?

मंडईतून आल्यावर हाच प्रश्न आपण न सांगता विचारतो. मेथी आज निवडायची, गवार परवापर्यंत चालेल, लाल भोपळा अख्खा आहे तोवर महिनाभर कोपऱ्यात राहिला तरी बिघडत नाही. भोपळ्याची भाजी घरात सगळ्यांच्या आवडीची असली म्हणून कुणी मेथी सडू देत नाही. कल्पनांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करत असतो. मनात जी सगळ्यात जास्त चमकते तिच्यामागे जातो, आणि चमकणारी बहुधा भोपळ्याच्या जातीची निघते : कादंबरी लिहायची, नवी भाषा शिकायची, घराला लाकडी झोपाळा करून घ्यायचा. पाच वर्षांनीही त्या तशाच असतात.

म्हणून मी चिठ्ठ्यांचे तीन वाटे केले.

नाशवंत. ज्यांच्यात एखादं वयस्कर माणूस आहे, पाडायला निघालेला वाडा आहे, मोठं होत चाललेलं मूल आहे, बंद होणारी एखादी गोष्ट आहे. अशा १३ निघाल्या. त्यातली एक म्हणजे आमच्या गल्लीतल्या कल्हईवाल्या चाचांकडे भांडी घेऊन जाऊन ते काम मुलांना दाखवायचं. भट्टीवर तापवलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, त्यावर कथिलाची कांडी टेकवली जाते आणि कापसाच्या बोळ्याने एका फेरीत सगळं भांडं आतून चंदेरी होतं. चाचांची मुलं या धंद्यात नाहीत. म्हणजे ही चिठ्ठी मेथी.

हंगामी. या नासत नाहीत, पण दार वर्षातून एकदाच उघडतं. रानभाज्यांचं भित्तिपत्रक मी तीन वर्षं ‘पुढच्या महिन्यात’ करणार होते. टाकळा पहिल्या पावसाबरोबर उगवतो आणि शाळा उघडते तेव्हाच कोवळा असतो. श्रावणापर्यंत पानं जून होतात. त्यामुळे ‘पुढचा महिना’ म्हणजे खरं तर पुढचं वर्ष. काही दारं त्याहूनही क्वचित उघडतात. एका चिठ्ठीवर होतं : ‘मुलांना कारवीचा बहर दाखवायचा.’ कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली होती, म्हणजे पुढचा बहर २०२४ चा. मी त्या चिठ्ठीवर वर्ष टाकलं. २०२४ च्या गणपतीनंतर बोरिवलीला मामेबहिणीकडे दोन दिवस राहून आम्ही तो बघून आलो. धाकट्याने फुलं हातात न घेता नुसती मोजायचा प्रयत्न केला आणि दोनशेच्या पुढे सोडून दिला. त्या वर्षी चुकलं असतं तर २०३२. तोवर तो कॉलेजात गेला असता.

हंगामी चिठ्ठ्यांवर उपाय एवढाच, की त्यांच्यावर महिना लिहायचा आणि दार उघडायच्या एक महिना आधी कॅलेंडरच्या चौकटीत एक खूण करायची. बाकीचे अकरा महिने त्यांच्याकडे बघायचं नाही. हंगाम नसताना बघितलं की फक्त चुटपुट लागते.

टिकाऊ. राहिलेल्या सगळ्या. या वाट्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. भोपळा भोपळा असतो यात त्याचा दोष नाही, आणि वेळ असेल तेव्हा तोही चिरावाच.

काहींना हा भेद नकोसा वाटेल; माणसाचं वय मोजून काम ठरवायचं हे कठोर वाटतं. मलाही वाटलं होतं. आईजवळ बसून अकरा ओव्या लिहिताना ते वाटणं संपलं. बाराव्या ओवीची तिला पहिली ओळ आठवत होती, दुसरी नाही.

टिकाऊ वाट्याची ओळ कशी लावायची

नाशवंत आणि हंगामी बाजूला काढल्यावर माझ्याकडे ७० चिठ्ठ्या उरल्या. प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायची म्हटली तर ७० च्या २,४१५ जोड्या होतात. कुणीही थकेल. म्हणून सगळ्यांची क्रमवारी लावायचीच नाही. पंधरा चिठ्ठ्यांची एक ओळ करायची, बाकीच्या डब्यात तळाशी. पंधरा निवडताना फार विचार नको, हात जिकडे जाईल त्या उचला.

नवी चिठ्ठी ओळीत घालायची असेल तेव्हा ती मधल्या, म्हणजे आठव्या चिठ्ठीशी लावून बघायची. ‘पुढच्या दोन महिन्यांत या दोघींपैकी एकच होणार असेल, तर कोणती?’ नवी जिंकली तर वरच्या सात जणींच्या मधलीशी, हरली तर खालच्या सात जणींच्या मधलीशी. असं दर वेळी निम्मं करत गेलं की पंधरांच्या ओळीत कोणत्याही चिठ्ठीची जागा चार प्रश्नांत सापडते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. दोघींमधली एक निवडणं जमतं. सत्तरांतली एक निवडणं कुणालाच जमत नाही. ओळीच्या शेवटची सोळावी होईल ती डब्यात जाते.

एक पथ्य आहे. सुचली त्या दिवशी कल्पना ओळीत घालायची नाही. नव्या कल्पनेपुढे जुन्या सगळ्या फिक्या दिसतात आणि ती चारही प्रश्न जिंकते. निदान आठवडाभर तिला दाराशी बसवा. नाशवंत असेल तर अर्थातच हे पथ्य नाही. तिला त्याच दिवशी आत घ्यायचं.

क्रम लागला, तरी काम होत नसेल तर

ओळीतली पहिली चिठ्ठी वाचा आणि स्वतःला विचारा, उद्या सकाळी हिच्यासाठी हात कुठे घालायचा? उत्तर येत नसेल तर ती चिठ्ठी अजून कामाची झालेली नाही.

‘आत्याच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या’ हे वाक्य चार वर्षं असंच होतं. त्यात दिवस नव्हता, गाडी नव्हती, आत्याला फोन करणं नव्हतं. चौथ्या नोंदीत ‘फोन चार्ज’ एवढं आलं होतं, म्हणजे मी जवळ पोहोचत होते. अपुरी राहिलेली गोष्ट दुसरं काही करतानाही मन कुरतडत राहते हा सगळ्यांचा अनुभव आहे. मासिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की अपुरं काम पूर्ण केलं नाही तरी ते कधी, कुठे, कसं करायचं याची नेमकी आखणी केल्यावर हे कुरतडणं थांबतं. माझं तर उलटच व्हायचं. नुसती नोंद केल्याने क्षणभर बरं वाटायचं, आणि आखणी नसल्याने आठवड्याने तोच किडा पुन्हा वळवळायचा. तेच मग दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहून ठेवायचं. दुबार चिठ्ठ्यांचं दुसरं मूळ हे.

म्हणून नाशवंत वाट्यातल्या प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर आणि ओळीतल्या वरच्या तिघींच्या पाठीवर मी तीन गोष्टी लिहिते : वार, जागा, आणि हाताने करायची पहिली हालचाल. ‘शनिवार, शाळा सुटल्यावर, चाचांना विचारणे भट्टी कधी पेटवतात.’ चौथीच्या पाठीवर लिहीत नाही. सतराशे साठ आखण्या केल्या की त्यांचाच ढीग होतो.

मोठ्या कल्पनेपुढे दडपण येत असेल तर तिचं एकक लहान करा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एवढं प्रचंड काम, पण त्याचं एकक काय? एका बाईची एक ओवी, तिचं नाव, तिचं गाव. ‘महाराष्ट्रातल्या ओव्या’ हे कुणाच्याच रविवारात बसत नाही. एक ओवी कुणाच्याही बसते.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच होत असेल तर

माझ्या आधीच्या चारही पद्धती इथेच मोडल्या होत्या. डबा उघडून बघायचा दिवसच ठरलेला नव्हता. ‘दर रविवारी बघायचं’ हे टिकत नाही, कारण रविवारी पाहुणे येतात, कपडे असतात, लग्नं असतात.

मला लागू पडली ती संकष्टी. महिन्यातून एकदाच येते, कॅलेंडरवर ठळक छापलेली असते, कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. आणि त्या दिवशी एक वेळ आपोआप मोकळी मिळते : नैवेद्याचं ताट तयार असतं, मोदक झाकून ठेवलेले असतात आणि चंद्र उगवायला अजून तासभर असतो. पूर्वी तो तास टीव्हीपुढे जायचा. आता मी डबा घेऊन गच्चीवर बसते. आधी नाशवंत, एकेक करून. मग चालू आणि पुढच्या महिन्याच्या हंगामी. मग महिन्याभरात आलेल्या नव्या चिठ्ठ्यांना ओळीत जागा. चंद्र दिसला की उठायचं, राहिलं ते राहिलं. ढगाळ पावसाळ्यात कॅलेंडरवरची वेळ. ज्यांच्या घरी संकष्टी नाही त्यांनी आपल्या घरातली अशीच एखादी ठरलेली वाट बघायची वेळ शोधावी : मुलांच्या क्लासबाहेरची, डायलिसिस सेंटरमधली, दळणाच्या रांगेतली.

याच वेळी सोडून द्यायच्या चिठ्ठ्याही काढते. सोडलेली चिठ्ठी नुसती फाडत नाही, तिच्यावर कारण लिहून वेगळ्या पाकिटात टाकते. ‘लाकडी झोपाळा – तुळई पेलणार नाही, सुतार म्हणाले.’ कारण लिहिलं नाही तर तोच झोपाळा दोन वर्षांनी नवी कल्पना म्हणून परत येतो, आणि आपण तितक्याच उत्साहाने पुन्हा सुताराकडे जातो. काही चिठ्ठ्या दुसऱ्याच्या असतात. शाळेतल्या गणिताच्या सरांना मी तीन दिल्या. त्यातली एक त्यांनी आठवड्यात करून दाखवली. ती माझ्याकडे दोन वर्षं पडून होती.

आजारपण, लग्नघर, बोर्डाच्या परीक्षा अशा काळात दोन-तीन संकष्ट्या चुकल्या तर पहिल्यापासून सगळं लावत बसू नका. फक्त नाशवंत वाटा उघडा आणि तेवढाच बघा. बाकीचं थांबतं. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी चार महिने डब्याला हात लागला नव्हता. परत उघडला तेव्हा भोपळे होते तसेच होते. नाशवंतांपैकी एक मात्र गेली होती, वाडा पाडून झाला होता. त्याच्या दारावरच्या गणेशपट्टीचा फोटो शेजारच्या घरी मिळाला.

तेरापैकी आजवर नऊ झाल्या. सध्या सगळ्यात वर आहेत त्या आत्याच्या जाऊबाई. त्याच गावात असतात, त्याच जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, असं आईने मागच्या महिन्यात सहज बोलताना सांगितलं. शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटते, बाराची एसटी आहे. त्यांच्या सुनेला फोन करून झालाय. दुपारी त्या झोपतात, तेव्हा चारनंतर बसू म्हणाली.